बेर्गामो ते बाकाउ, दोन तास

बेर्गामो ते बाकाउ विमानाने तेराशे तीस किलोमीटर. दोन तास. सफ्ताला हे पाठ होतं, कारण अकरा वर्षं रुमानियातल्या तिच्या गावचा जो तो तिला हेच ऐकवायचा. दोन तासांचं तर अंतर, येत का नाहीस? अंतर मोजणाऱ्यांचं काय जातं. अंथरुणाला खिळलेल्या ओर्नेल्लाबाईंना रात्रंदिवस सांभाळायचं आणि बदली बाई येऊन उभी राहिल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही तिची इटलीतली नोकरी. असले नियम करणाऱ्यांनी एक आठवडा ती करून दाखवावी.

इटलीचं घड्याळ रुमानियाच्या एक तास मागे. म्हणून आईने भिंतीवर दोन घड्याळं लावली होती, एक गावाचं, एक लेकीचं. फोनवर वेळ सांगायची ती लेकीच्या घड्याळात बघून, असा घरचा दंडकच होता. गावाची वेळ हवी असली की सफ्ता ऐकलेल्या वेळेत एक तास मिळवायची.

बुधवारी आई गेली. बदली बाई मिळेपर्यंत गुरुवार सरला. धाकट्या भावाचा, नेकुलायचा फोन आला.

"ताई, उद्या बाराला चर्चमधून काढू."

"पेटी उघडी ठेवा. मला तोंड बघायचंय."

"कबरीपर्यंत उघडीच नेतात, विसरलीस का तिकडे राहून? तू फक्त वेळेत ये."

बारा म्हणजे गावाचा एक, असं तिने धरलं.

शुक्रवारी गावाच्या घड्याळाने अकराला विमान बाकाउला उतरलं. हातात दोन तास होते. तिने विमानतळावरच काळे कपडे घातले, तोंड धुतलं, बाहेर मेणबत्त्या घेतल्या. रडू काही येत नव्हतं.

"बसा ताई, पाऊण तासात गावात सोडतो," टॅक्सीवाला म्हणाला.

"तू सांगतोस त्या भाड्यात मी परत इटलीला जाईन."

ती गावच्या वडापच्या गाडीत बसली. गाडी भरायला पाऊण तास गेला. खिडकीबाहेर मक्याची शेतं सरकत होती आणि ती मांडीवरच्या मेणबत्त्या सरळ करत होती.

एकला दहा कमी असताना ती चर्चलगतच्या कब्रस्तानाच्या फाटकाशी उतरली. माणसं पेटीवर माती टाकत होती. झाकणाला खिळे ठोकून झाले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं, मग बाजूला होऊन वाट दिली. तिने मूठभर माती टाकली. मेणबत्त्या पिशवीतच राहिल्या.

घरी आल्यावर तिने भिंतीकडे पाहिलं. एक घड्याळ चार वीसवर बंद, दुसरं तीन वीसवर.

"माणूस गेलं की थांबवतात ना गं," शेजारच्या फ्रोसामावशी म्हणाल्या. "मी दोन्ही थांबवली. तिचीच होती दोन्ही."

नेकुलाय दारात उभा होता. "तुझं घड्याळ चालू असतं तर बघून अकरा म्हणालो असतो. पाद्रींनी बारा सांगितले, मी तुला बारा सांगितले. डोकं ठिकाणावर नव्हतं, ताई."

"बरं," ती म्हणाली. बाह्या सरसावून तिने जेवणाची ताटं धुवायला घेतली.

पंगतीतल्या एका म्हाताऱ्याने, ती समोर गव्हाचा गोड प्रसाद वाढत असताना, विचारलं, "काय गं, विमानाला किती वेळ लागतो आता?"

"दोन तास."

"मग जवळच की."

"हो," सफ्ता म्हणाली आणि पुढच्या ताटाकडे वळली.