एका हाकेला ओ न देणाऱ्या आत्याबाई

आमच्या आत्याबाईंइतकं धीट आणि तरीही इतकं जपून वागणारं माणूस अख्ख्या घनसावंगी तालुक्यात दुसरं सापडायचं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. मालक वारल्यावर त्या कुंभार पिंपळगावला आमच्याकडेच राहायला आल्या. सापाला शेपटीला धरून बांधापलीकडे भिरकावून द्यायच्या आणि हात न धुताच पान लावायला बसायच्या. "भूतखेत सगळं थोतांड हाय, माझा बिलकुल विश्वास न्हाई," असं विहारात बायकांना ठणकावून सांगायच्या. पण एका हाकेला त्यांनी उभ्या जन्मात कधी ओ दिली नाही. माणूस पुन्हा हाक मारतं. जे माणूस नाही ते एकदाच मारतं, असं त्यांचं म्हणणं. "विश्वास न्हाई म्हणता ना मंग?" असं कोणी छेडलं की म्हणायच्या, "माझा न्हाईच. पण त्याला कुठं ठावं हाय, माझा विश्वास न्हाई म्हणून?"

या खबरदारीपायी त्यांचे हाल काही कमी झाले नाहीत. एकदा दवाखान्यात कंपाउंडरने त्यांचं नाव एकदाच पुकारलं, तर बाई दवाखाना बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि अंगातला ताप तसाच घेऊन घरी आल्या. मालक होते तेव्हा एकदा घनसावंगीच्या जीपमधून त्यांनीच "चल गं" म्हणून आवाज दिला. या जागच्या हलल्या नाहीत. जीप निघून गेली. दिवेलागणीला पायी चालत घरी पोचल्यावर उलट मालकांनाच झापलं, "अजून एक डाव हाक मारली असती तर तोंड झिजलं असतं का?" स्वतः मात्र कोणालाही तीनदा हाक मारायच्या. मी शेजारी भाकऱ्या थापत बसलेली असले तरी "शेवंते, ए शेवंते, अगं शेवंते!" दुसरी सवय खाकरण्याची. रिकाम्या घरात, विहिरीवर, कडब्याच्या गंजीमागे जायच्या आधी त्या उंबऱ्याशी थांबून खाकरायच्या. आत जे कोणी असेल त्याला कळावं, आवरून घ्यायला वेळ मिळावा, म्हणून.

माझं सगळं याच्या उलट. माझा आवाज चुलीपासून दारापर्यंत जात नाही. मोठ्यांना ओरडून हाक मारायची तर मला घामच फुटतो. म्हणूनच असेल, विहारातल्या बायकांची लुंबिनीची सहल निघाली तेव्हा आत्याबाईंनी सोबतीला मलाच निवडलं. "ही बोलत न्हाई, म्हंजे रस्त्यात भांडण व्हायचं न्हाई," हे कारण त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

लुंबिनीचं दर्शन झाल्यावर सहल काढणाऱ्या गुरुजींनी आम्हाला डोंगरातल्या भक्तपूर नावाच्या जुन्या शहरात नेलं. गाडी वेशीबाहेर थांबली. "पायी फिरा, पण दिवस मावळायच्या आत वेशीपाशी या. लई लांब जायचंय, गाडी कुणासाठी थांबायची न्हाई," गुरुजींनी बजावलं. थंडीचे दिवस होते. धुकं दुपारीसुद्धा पुरतं उठलं नव्हतं. सगळं शहर लाल विटांचं, वर काळ्या लाकडाच्या कोरीव खिडक्या. मी चौथी शिकलेली, पाट्या वाचायची मला हौस. तिथली अक्षरं आपलीच होती, एकेक अक्षर मला वाचता येत होतं, पण अर्थ लागत नव्हता. घरातलं माणूस झोपेत बडबडावं तसं वाटलं. दुकानांच्या दारावर लाकडी मुखवटे टांगलेले होते आणि कितीतरी दारांवर नुसते डोळे रंगवलेले होते, बिनचेहऱ्याचे. आत्याबाई त्यातल्या एका दाराला म्हणाल्या, "बघ बाई, पोटभर बघून घे. आम्ही काय नेत न्हाई."

कुंभारांच्या चौकात मात्र त्या खुलल्या. उन्हाच्या एका पट्ट्यात कच्ची मडकी वाळत घातली होती. "हे तं आपलं पिंपळगावच हाय! उगाच एवढा खर्चा केला," असं म्हणून त्यांनी तिथल्या कुंभारणीशी आपल्या भाषेत बराच वेळ गप्पा मारल्या. तीही तिच्या भाषेत उत्तरं देत होती, आणि दोघींचं बराबर जमत होतं. तिथून पुढे एक दार लागलं, इतकं बुटकं की वाकूनच आत जावं. पलीकडे अंधारा बोळ. आत्याबाई थांबल्या आणि खाकरल्या. आतून कोणीतरी तसंच खाकरलं.

मी दोन पावलं मागे सरले. आत्याबाई खूश झाल्या. "बघ, वळणाचं घर हाय," म्हणाल्या आणि वाकून आत गेल्या. मागून मी. बोळात कोणीच नव्हतं. पुढे चौक, चौकातून परत बुटकं दार, परत चौक. प्रत्येकात एक विहीर, सुपात वाळत घातलेल्या मिरच्या, बंद खिडक्या. माणूस नाही. एका खिडकीत म्हातारी बसली होती. पापणी हलवत नव्हती, म्हणून मी जरा निरखून बघितलं. वळून बघते तर आत्याबाई नाहीत.

"आत्याबाई," मी हाक मारली. भिंतींनी ती घेतली आणि दुसऱ्याच बाजूने परत दिली. पुढच्या चौकात गेले, तिथे एक हाक मारली. त्याच्या पुढच्या चौकात एक. तीच विहीर, त्याच मिरच्या, का दुसऱ्या, मला कळेना. धुकं खाली उतरायला लागलं. तांबूस उजेड फक्त वरच्या कौलांवर उरला होता. आता गाडी निघणार. आम्ही दोघी परमुलखात राहणार. नाहीतर मी एकटीच परत जाणार, आणि घरी काय सांगणार? आणि तेव्हा लख्ख आठवलं. इतका वेळ मी प्रत्येक ठिकाणी एकेकच हाक मारत होते. साऱ्या जगात त्या एकाच बाईला एक हाक चालत नव्हती.

मी विहिरीचा काठ धरला, डोळे मिटले आणि जन्मात ओरडले नव्हते तशी ओरडले, "आत्याबाई! ओ आत्याबाई! अहो आत्याबाई!"

धडाधड खिडक्या उघडल्या. मेलेलं वाटणारं ते शहर माणसांनी भरलेलं होतं. कुत्री भुंकायला लागली. आणि माझ्या पाठीमागच्याच भिंतीपलीकडून खाकरण्याचा आवाज आला. "अगं केवढ्यानं वरडून राह्यलीस! लोकं काय म्हणतील?"

भिंतीला वळसा घालून गेले तर आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या, पदराचा बोळा हातात. "भुतावानी एक एक हाक मारत हिंडत होतीस. मी म्हणलं, हे शहरच तुझा आवाज काढून मला बोलावून राह्यलं. म्हणून तोंडात पदर कोंबून बसले." मग माझा हात घट्ट धरून त्यांनी मला जवळजवळ पळवत वेशीकडे नेलं. गुरुजी गाडीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी नुसता कपाळाला हात लावला.

गाडी सुरू झाली, वेस मागे पडली. आत्याबाई हळूच म्हणाल्या, "शेवंते, तू मला ठके म्हणलीस का?"

"नाही. आत्याबाईच म्हणाले."

"एक हाक अगदी कानापाशी आल्ती. ठके म्हणून. तसं माझी आई म्हणायची. तिच्यामागं कोणीच न्हाई म्हणलं." त्या काचेबाहेरच्या अंधाराकडे बघत राहिल्या. "मी ओ दिली न्हाई. बराबर केलं ना?"

आत्याबाईंनी मला काही विचारावं असं पहिल्यांदाच होत होतं. पुढेही कधीमधी भाजी निवडताना त्या मधेच म्हणायच्या, "पुन्हा एक डाव मारायला पाहिजे होती तिनं."

गेल्या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मी उशाशी बसून वारा घालत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं, बाहेर पानही हलत नव्हतं. आत्याबाईंनी डोळे उघडले, दाराकडे बघितलं आणि लहान पोरीच्या आवाजात लगेच म्हणाल्या, "ओ. आले."

मी तीनदा हाक मारली. त्या शहरात मारली होती तशीच, सगळी गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्याने.

त्यांची खोली आता रिकामीच असते. झाडायला जाते तेव्हा मी आधी उंबऱ्याशी खाकरते आणि जराशी थांबते.