अठ्ठ्याहत्तर माणसं आणि कोंडवाड्याचं तोरण

आमच्या गावच्या शाळेतल्या दोन मोठ्या खोल्या प्रत्येकी चोवीस फूट लांब आणि वीस फूट रुंद आहेत. हे मी कागद न बघता सांगू शकतो, कारण नव्वदच्या दशकातल्या एका श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी त्या स्वतः टेपने मोजल्या होत्या.

गाव देवळी-पुलगाव रस्त्यापासून आत. नदी दोन कोसांवर आहे, पण नदी फुगली की आमच्या नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, तुंबतं आणि उलटं खालच्या वस्तीत शिरतं. त्या वर्षी तीन दिवस झड लागली होती. चौथ्या दिवशी सकाळी तलाठी मोटारसायकल ढकलत आले आणि म्हणाले, खालची वस्ती शाळेत हलवा. यादी करायला मला बसवलं. मी तेव्हा एका जिनिंगमध्ये काट्यावर होतो. कापसाची गाडी आली की वजन घ्यायचं, पावती फाडायची. गावात माझ्या अक्षरावर आणि आकड्यांवर लोकांचा विश्वास होता, आणि खरं सांगायचं तर माझाही होता.

मी हिशोब केला. दोन्ही खोल्या मिळून नऊशे साठ चौरस फूट. माणसाला आडवं व्हायला सहा फूट बाय दोन, म्हणजे बारा. ऐंशी माणसं मावतील. खालच्या वस्तीत सोळा घरं, माणसं अठ्ठ्याहत्तर. दोन जागा शिल्लक. खडूने फळ्यावर तसं लिहिलं आणि मला फार बरं वाटलं.

तलाठी जाताना सांगून गेले, "जनावरं आत घेऊ नका." बैल होते त्यांनी ते सकाळीच वरच्या वावरांत नेऊन बांधले होते. तेव्हा ही सूचना शेळ्या, कोंबड्या, कुत्री यांच्यासाठी होती. शाळेच्या गुरुजींनाही ती पटली. "पाणी ओसरलं की पोरं याच फरशीवर बसून जेवणार आहेत," ते म्हणाले. त्यात चूक काही नव्हतं.

बाराच्या सुमारास एक मावशी आली. मावशी म्हणजे गावाची मावशी, माझ्या नात्यातली नव्हे. विधवा, एकटी, वस्तीच्या अगदी शेवटच्या मातीच्या घरात राहणारी. आमच्याच जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचायला यायची. तिच्यामागून तिचं तांबूस कुत्रं यायचं आणि सुट्टी होईपर्यंत गेटाबाहेर बसून राहायचं. एकदा मजुरांनी गमतीत ते माझ्या काट्यावर चढवलं होतं. साडेअकरा किलो भरलं. मी सवयीने पावती फाडायला हात घातला होता, ते लोक अजून सांगतात.

"लिहा बाबू माहं नाव," मावशी म्हणाली. डोक्यावर गाठोडं, हातात कुत्र्याची दोरी.

"मावशी, कुत्रं आत नाई घेता येत. तलाठी सांगून गेले."

"मंग कुठं ठेवू त्याले? कमरेले खोसू?"

रांगेतली माणसं हसली. मागून एक जण म्हणाला, "त्याले पोहता येते मावशी. सोडून दे."

"तुले बी येते ना? मंग तू काऊन इथं उभा राह्यला? जाय, पोह."

पुन्हा हशा झाला. मी नियम परत सांगितला. मावशीने दोरी मनगटाला गुंडाळली. "सकाळी पाणी आलं तं ह्यानं मले भुकून उठवलं. आता ह्याले पाण्यात सोडून मी खिचडी खाऊ?" एवढं म्हणून ती वळली आणि गेली. तिची भाची वरच्या आळीत राहते, तिकडे जाईल, असं मी धरून चाललो. तिच्या नावापुढे फुली मारली.

बाकीची घरं येत गेली. घरातला कर्ता पुढे यायचा, मी विचारायचो, "किती?" तो म्हणायचा, "पाच, सारे आले." मी पाच लिहायचो. शेवटचं घर आल्यावर फळ्यावर लिहिलं : हजर ७७.

शाळेसमोरच्या विहाराच्या ओसरीत खिचडीचे हंडे चढले होते. वाढणाऱ्या बायांत माझी बायको होती. पंगत उठल्यावर, अडीचच्या पुढे, ती पत्रावळींचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली.

"शंभराचा गठ्ठा सोडला होता. एकतीस उरल्या."

म्हणजे एकोणसत्तर जेवले. सत्त्याहत्तरातली दोन तान्ही पोरं सोडली तर पंचाहत्तर पत्रावळी लागायला हव्या होत्या.

"सहा जण जेवले नसतील," मी म्हणालो.

"मी एकेकाले बोलावून वाढलं. उपाशी कोणी नाई."

"मग गठ्ठ्यातच जास्त असतील."

"मोजूनच सोडला. तुमची बायको आहो मी." ती यादीकडे बघत म्हणाली, "ही माणसं तुम्ही मोजली, का विचारली?"

मी यादीवरून बोट फिरवू लागलो.

"काट्यावर कास्तकार म्हनते, बाबू, चाळीस किलो आहे, लिहून घ्या. तुम्ही लिहून घेता काय? गासडी हलवून पाहता, काटा दोनदा शून्यावर आणता. अन् इथं तोंडी घेतलं!"

मी उठलो आणि दोन्ही खोल्यांत फिरून डोकी मोजली. तान्ह्यांसकट एकाहत्तर. पुन्हा मोजली. एकाहत्तरच. मग एका कर्त्याला बाजूला घेऊन विचारलं, "तुझा बाप कुठं आहे?"

तो खाली बघू लागला. "बकऱ्यापाशी."

पाच घरांतून सहा माणसं मागे राहिली होती. कुठे म्हातारा शेळ्यांपाशी, कुठे नवराबायको व्यायलेल्या गाईपाशी, कुठे सासू कोंबड्यांपाशी. खोटं कोणाला बोलायचं नव्हतं. जनावरं घेत नाहीत असं कळल्यावर त्या प्रत्येक घराने एक-दोन माणसं मागे ठेवली होती आणि दारावर यादी अडू नये म्हणून "सारे आले" सांगितलं होतं. नियम शेळ्यांसाठी होता, पण त्याने पाण्यात माणसं ठेवली होती. मी भाचीकडे निरोप धाडला. मावशी तिकडेही गेली नव्हती. म्हणजे सात.

फळ्यावरचा आकडा पुसला आणि गुरुजींना सगळं सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला. "पण गुरं ठेवायची कुठे? वर्गात?"

कोतवाल तिथेच उभा होता. कोतवाल म्हणजे आमच्याकडे तलाठ्याच्या हाताखालचा गावचा माणूस. तो म्हणाला, "कोंडवाडा रिकामा आहे ना भाऊ. किल्ली माह्यापाशीच आहे."

कोंडवाडा शाळेला लागूनच, त्याच उंचवट्यावर. चारी बाजूंनी दगडी भिंत, अर्ध्या भागावर टिनाचं छप्पर. वावरात शिरलेली भटकी जनावरं धरून तिथे कोंडतात आणि मालक शरमेने सोडवून नेतो. इतकी सरळ गोष्ट मला सकाळी सुचली नाही, कारण सकाळी मी फक्त खोल्या मोजत होतो.

मी आणि कोतवाल काठ्या टेकत खाली उतरलो. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. पहिल्याच घरात म्हातारा खाटेवर चार शेळ्या घेऊन बसला होता. कोंडवाड्याचं नाव काढताच तो उसळला.

"माह्या बकऱ्या? कोंडवाड्यात? काहाले? आजपर्यंत कोणाच्या वावरात तोंड नाई घातलं त्याईनं!"

"बाबाजी, शिक्षा नाही ही. पाण्यापासून—"

"तू म्हनशील नाई. उद्या सारं गाव म्हनन, बुढ्याच्या बकऱ्या कोंडवाड्यात होत्या. माह्या बापाचं जनावर तिथं गेलं नाई, माहं बी जाणार नाई."

पुढच्या घरातही तेच. गाईवाली बाई तर म्हणाली, "बुडली तरी चालन, पण तिथं नको." मला राग आला. पाणी चढत होतं आणि लोक इज्जतीचं बोलत होते. कोतवाल मात्र शांतपणे म्हणाला, "भाऊ, माही गाय असती तं मी बी नसती नेली."

शेवटी मावशीचं घर. तिथे पाणी गुडघ्याला लागलं. मागच्या भिंतीचा गिलावा ओला होऊन सुटू लागला होता. मावशी धान्याच्या कणगीच्या ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, मांडीवर कुत्रं. मला बघून ते शेपूट हलवू लागलं. गेटावर रोज बघायचं मला.

"काऊन आले? तुमचा नियम भिजन ना."

"मावशी, चाल. कुत्र्याला घेऊन चाल."

"तलाठी?"

"तलाठ्याला मी बघून घेतो." असं म्हणून मी तिचं गाठोडं उचललं. मग बाकीच्यांची अडचणही तिला सांगितली, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं. कोंडवाडा आहे, जागा आहे, कोणी यायला तयार नाही.

ती ओट्यावरून उतरता उतरता म्हणाली, "पोळा कधी आहे?"

"आठ दिवसांनी."

"पोळ्याले बैल कशाखाली उभे करता? तोरणाखाली ना? मंग बांधा कोंडवाड्याच्या फाटकाले तोरण. तोरणाखालून गेलं त्या जनावराले कोण म्हनन कोंडलं म्हून?"

कोतवाल आधी तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, आणि मग पाण्यातून जवळजवळ पळत सुटला. आम्ही वर पोचलो तोवर त्याने शाळेमागच्या आंब्याच्या डहाळ्या तोडून आणल्या होत्या. विहाराच्या ओसरीतल्या बायांनी सुतळीत पानं ओवायला घेतली. गुरुजींनी स्टूल धरलं. दरवर्षी पोळ्याला आखरावर, म्हणजे गावाची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, बांधतात तसंच तोरण, फक्त लांबीला कमी, कारण फाटक सात फुटांचं. पहिल्यांदा वरच्या आळीतल्या पाटलांची गाय मुद्दाम आणून खालून नेली. तिला पुराचा धोकाच नव्हता. त्यामागून म्हातारा आला, चारही शेळ्या घेऊन, मान वर करून. "बकऱ्याईचा पोळा पाह्यला काय रे कोणी?" तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत.

पाचच्या आत सगळे वर होते. मी दारात उभा राहून प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. अठ्ठ्याहत्तर. कोंडवाड्यात एक वासरासकट गाय, एक पाहुणी गाय, अकरा शेळ्या आणि टोपल्यांखाली झाकलेल्या कोंबड्या, ज्या मोजायला कोणी तयार होईना.

राहिलं कुत्रं. "ह्याला कोंडवाड्यात?" मी विचारलं.

"तो माह्यापाशी झोपते," मावशी म्हणाली. विषय संपला.

मी गुरुजींना म्हणालो, "ऐंशी जागा, माणसं अठ्ठ्याहत्तर. दोन शिल्लक. आणि हे भरतं साडेअकरा किलो."

"मला गणित शिकवू नका," गुरुजी म्हणाले. "लहान पोरं घाबरतात त्याला." ते आत गेले. आता नाही म्हणणार, असं मला वाटलं. ते एक गोणपाट घेऊन बाहेर आले आणि व्हरांड्याच्या टोकाला, वर्गाच्या दारापासून दूर, स्वतःच्या हातांनी अंथरलं. "दोरी खांबाला बांधा. आणि मावशी इथेच झोपेल."

सगळं गोडीने पार पडलं, असं मी लिहिणार नाही. कुत्रं एका पोरावर गुरगुरलं आणि त्याच्या आईने मावशीला बरंच ऐकवलं. दोन कोंबड्या निसटून वर्गात शिरल्या, फरशी दोनदा धुवावी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी ओसरलं. मावशीच्या घराची मागची भिंत कणगीच्या ओट्यावर कोसळलेली होती, बरोबर ती बसली होती तिथे. मावशीने बघितलं, मी बघितलं. ती कुत्र्याला म्हणाली, "चाल, आता माती कालवू."

पुढे दहाएक वर्षांनी तालुक्याच्या बैठकीत आम्हा गावकऱ्यांना पुराच्या तयारीबद्दल बोलावलं. निवाऱ्यात जनावरं घ्यावीत का, असा प्रश्न एका तरुण साहेबांनी काढला, तेव्हा खोलीत हसू पसरलं. मी उभा राहिलो. भाषण मला येत नाही. म्हणालो, साहेब, आमच्याकडे एकदा घेतली नाहीत, तर अठ्ठ्याहत्तरातली सात माणसं पाण्यात राहिली. घेतली, तर एकही नाही. फरशी दोनदा धुवावी लागली. हसू थांबलं. साहेबांनी वहीत काही लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही.

त्याच्या पुढल्याच पावसाळ्यात नाला पुन्हा तुंबला. या वेळी यादीचे कागद छापील आले. त्यात जनावरांचा रकाना नव्हता. मी पट्टी घेऊन शाईने तो आखला. कोंडवाड्याच्या किल्लीसाठी कोतवालाला शोधायला निघालो, तर फाटक आधीच उघडं. मावशी स्टुलावर चढून तोरण बांधत होती, या वयात. खाली नवं कुत्रं, काळं, जुन्याच्या मानाने लहान. दुपारी दोनपर्यंत मी खांद्याला हात लावून माणसं मोजली. त्या वर्षी ब्याऐंशी होती, सगळी आत. मागे कोणी नाही. दोन माणसं जागेपेक्षा जास्त भरली, तेव्हा मावशी आणि एक म्हातारा व्हरांड्यात झोपणार आणि सोबतीला मी आणि गुरुजी, असं ठरलं.

मावशी तिचं गोणपाट टाकत होती. "बाबू, ह्याचं लिहिलं काय?"

"काय?"

"वजन. त्याचं लिहून ठेवलं होतं ना तुमी डोक्यात? ह्याले काऊन सोडता?"

काटा जिनिंगमध्ये होता, तीन कोसांवर. मी कुत्र्याला उचललं, थोडं हलवून पाहिलं आणि अंदाजाने माझ्या आखलेल्या रकान्यात लिहिलं : कुत्रं एक, नऊ किलो. समोर बारीक अक्षरात टीप टाकली, की हे वजन हातावरचं आहे, काट्यावरचं नाही.