दादा दारू पीत नव्हता

मिलिंददादा दारू पीत नाही, हे मला एका न्यूरॉलॉजिस्टने, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरने, सांगितलं. मी त्याची सख्खी बहीण. मला ते आधीच कळायला हवं होतं.

“स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, टाइप टू,” डॉक्टर म्हणाले. अटॅक्सिया म्हणजे तोल जाणं. चाल, बोलणं, हात सांभाळणारा लहान मेंदू हळूहळू झिजतो. माणूस पाय फाकवून झोकांड्या खातो, जीभ जड होते. थेट प्यायलेला दिसतो.

आणि आमच्या जिल्ह्यात दारूबंदी. ती कागदावर राहते, म्हणून आम्ही बाया ती गावात आणतो. समुद्रपूरजवळच्या आमच्या गावातल्या महिला मंडळाची पत्रकं मीच लिहिते. नियम असा होता : कुणी पिऊन दिसला की त्याचं नाव समाजमंदिराजवळच्या फळ्यावर. दादा रस्त्यात दोनदा पडला. तोंडाला वास नव्हता.

“इलायची खाल्ली असन,” एक काकू म्हणाल्या.

“भाऊ हाय म्हणून सोडून राह्यली काय?” दुसरीने टोमणा मारला.

मी खडू घेतला आणि स्वतःच्या हाताने त्याचं नाव लिहिलं. भावालाही सोडलं नाही, याचा मला अभिमान वाटला होता. लाज वाटते, पण लपवणार नाही.

चार दिवसांत दादा कामाला होता त्या जिनिंग कारखान्याच्या मुनीमजींनी दादाला कापसाच्या वजनकाट्यावरून घरी बसवलं. दादा भांडला नाही. एवढंच म्हणाला, “मी पेत नाई, तुले माहीत हाय. मंग काऊन लिहलं वं?”

वहिनी मात्र उसळली. “मी एका घरात राह्यतो याच्यासंग. मले वास येत नसता काय? तुह्या फळ्याले लाव आग. दवाखान्यात चाल.”

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात रखवालदाराने दारातच अडवलं, “पिऊन आत नाई जायचं.” मी त्याच्यावर तुटून पडणार होते. पण मी तरी वेगळं काय केलं होतं? ओपीडीच्या बाकावर शेजारचा माणूस लांब सरकून बसला. साडेतीन तास आम्ही तसेच बसलो.

डॉक्टरांनी टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला लावलं. दादाला जमलं नाही. मग दोन पेनांकडे आळीपाळीने बघायला लावलं. “डोळे फार सावकाश सरकतात. दारू उतरते, हे उतरत नाही. घरात आणखी कुणी असं चालायचं?”

बाबा. पन्नाशीनंतर असेच चालायचे. गाव त्यांना दारुडा म्हणायचं, आणि आम्हीही.

एमआरआयमध्ये लहान मेंदू आकसलेला दिसला. जीनच्या तपासणीसाठी रक्त बाहेर पाठवलं. तीन आठवडे वाट पाहिली.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी वहिनीच्या केसातली पिन मागून घेतली. डीएनए ही अक्षरांची लांब दुहेरी माळ. तिच्यात एका जागी सी-ए-जी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांना बाविसेक वेळा, दादाला एकेचाळीस वेळा. अशी लांबलेली माळ स्वतःवरच दुमडते आणि पिनेसारखी होते. तिला हेअरपिनच म्हणतात. पेशी नक्कल काढताना तिथे अडखळते, कधी जास्तीची अक्षरं घुसवते. म्हणून बापाकडून मुलाकडे येताना आकडा वाढू शकतो, आजार लवकर येतो. बाबांना पन्नाशीनंतर, दादाला चौतिशीत.

“यात बाटलीचा दोष नाही, बापाचाही नाही,” डॉक्टर म्हणाले.

बरं करणारं औषध आज नाही. जो कोणी ते विकायला येईल त्याला दारातूनच हाकला. फिजिओथेरपी आहे, बोलण्याचे व्यायाम आहेत, काठी आहे. माझ्यातही हा बिघडलेला जीन असण्याची शक्यता निम्मी. मी अजून तपासणी केलेली नाही. कधी करायची ते मी ठरवेन, गाव नाही.

ग्रामसभेत मी रिपोर्ट वाचला, माझी चूक सांगितली आणि सगळ्यांसमोर नाव पुसलं.

“मंग पेणाऱ्याइले मोकळं सोडाव काय?” काकूंनी विचारलं.

“पेणाऱ्याले डॉक्टर दाखवू. फळ्यावर विकणाऱ्याचं नाव लिहू!” मी म्हणाले.

 आधी वहिनीचा हात वर गेला, मग काकूंचा, मग अख्ख्या सभेचा. विकणारे दोघं तेवढे हात खाली ठेवून बसले होते.

तुमच्या घरी कुणी असा चालत असेल तर त्याचं तोंड हुंगू नका. त्याला खुर्ची द्या, मग मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. मी त्या डॉक्टरांची ऋणी आहे, आणि त्याहून जास्त वहिनीची.

‘बसून काम करू शकतो’ असं डॉक्टरांचं पत्र घेऊन आम्ही जिनिंगवर गेलो. मुनीमजींनी एक दिवस पाहायचं कबूल केलं. दादाने दिवसभर एका बोटाने काट्याचे आकडे टाइप केले. संध्याकाळी मुनीमजींनी सगळ्या पावत्या ताडून पाहिल्या. एका किलोचाही फरक नाही.

“मिलिंद, उद्या आठले येजो.”

दादा उठला. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून, सगळ्यांच्या देखत, पाय फाकवून, झोकांड्या खात निघाला. एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर मागे घेतला आणि त्याला वाट करून दिली.