बिनफोडणीचं वरण

चहा आधीच द्या बरं का, कारण माझा हा गाढवपणा ऐकल्यावर तुम्ही मला पाणीसुद्धा विचारणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या उमरेडच्या मोठ्या भावाला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्याला पाहून आलो आणि सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला थेट रक्त तपासायला नेलं. कोलेस्टेरॉल हे एवढं! डॉक्टरांनी कागदावर नळ्या काढून समजावलं. वाईट कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत साचत जातं; हृदयाची तुंबली तर झटका, मेंदूची तुंबली तर भावासारखी गत. तेल-तूप बेताचं ठेवा, गोळी चुकवू नका, रोज चाला, जवसाची चटणी खा. जाता जाता हेही म्हणाले, की चरबी सगळीच वैरी नाही, मेंदूलाही ती लागतेच.

मी नेमकं तेवढं शेवटचं वाक्य घरी घेऊन आलो.

सुलभा मात्र पार घाबरली होती. डॉक्टर बेताचं म्हणाले, हिने फोडणीच बंद केली! बिनफोडणीचं वरण, उकडलेला दोडका, कोरडी भाकर. नागपूरच्या माणसाने जगायचं कसं, सांगा? मग मी रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचो, तो थेट प्रताप नगरच्या चौकातल्या टपरीवर. पोहे, आणि त्यावर हरभऱ्याची लालभडक, तेल तरंगणारी तर्री. मेंदूला लागते ना चरबी! खाऊन झालं की नळावर तोंड धुवायचं, शर्ट थोडा ओला करायचा आणि दमल्यासारखं करत घरात शिरायचं.

सुलभा मला वाढून मागाहून स्वयंपाकघरात जेवायची. मला वाटायचं, आत हिचं वेगळं झणझणीत चाललं असणार. असं मनाशी म्हटलं की पोहे बिनघोर उतरायचे.

आठ महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, या वेळी दोघांची. तिचा रिपोर्ट उत्तम. माझा आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी चष्मा काढून तिलाच विचारलं, "ताई, एकाच घरात जेवता ना दोघं?"

सुलभाने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"ह्यायच्या भाजीत माह्याच हातानं तेल जास्त पडत असन," ती म्हणाली.

मग डॉक्टर तिला पाच मिनिटं बोलले. घरात एवढं मोठं दुखणं पाहूनही कळत नाही का, नवऱ्याच्या जिवाशी खेळता का. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मी? मी डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो! आता सांगतानाही लाज वाटते.

परत येताना तिने मला स्कूटर थांबवायला सांगितली. कुठे? त्याच टपरीपाशी. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या मागे मागे येऊन सगळं पाहून गेली होती म्हणे. मी गुपचूप दोन प्लेट सांगितल्या. तिने तर्री बाजूला सारली आणि कोरडे पोहे चार घास खाल्ले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तिचे गाल बसलेत, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

"तू बी उकडलेलंच खाल्लं ना वं इतके दिवस?" मी विचारलं. "माह्यासाठी काहून एवढं?"

"तुमच्यासाठी नाही," ती म्हणाली. "जाऊबाईचं पाहिलं ना उमरेडले? दादायले उचलता उचलता त्याच आता अंथरुणाले लागल्या. तुम्ही त कोणाचं ऐकून नाही राहिले. मंग तुमाले उचलाले घरात एक माणूस तरी धड पाहिजे."

आठ महिने मी तिला कसं फसवतोय या आनंदात होतो, आणि ती रोज ते वरण खाऊन माझं दुखणं काढायची तयारी करत होती.