हरल्यावर समोर चालत जाणारी सुशीला

काटोलहून सुशीलाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो म्हणाला. त्याच्या थोडे दिवस आधी मी तिला नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात भेटून आले होते. आवाज खोल गेला होता, पण मला पाहताच तिने विचारलं, तुझ्या शाळेतल्या पोरी अजून खो-खो खेळतात का. मी निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, हे ती विसरली होती. मी खेळतात म्हटलं. ती समाधानाने हसली. आता महिना होत आला, तरी मला आधी ते हसणंच आठवतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात कॉलेजात जाऊ लागले. आमचं घर विणकरांचं. बाबा हातमागावर बसत, आई कांड्यांवर सूत भरून देई. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली आणि मैदानावर जाणारी तर अख्ख्या गल्लीत पहिली. सुशीला माझ्या एक वर्ष पुढे होती. तिच्या घरी काटोलला संत्र्यांची बाग; ती इथे मामाकडे राहून शिकत होती आणि आमच्या खो-खोच्या संघाची कर्णधार होती. पहिल्या दिवशी मी मैदानाच्या कडेला ओढणी आवळून उभी होते. ती जवळ आली आणि म्हणाली, "पाहून काय राहिली वं? पळ." मी पळाले. त्यानंतर दोन वर्षं ती म्हणेल तेव्हा मी पळतच होते.

दुसऱ्या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बाकीच्या पोरींसाठी तो सामना होता, माझ्यासाठी त्याहून जास्त काही होतं. काकांनी उमरेडचं एक स्थळ आणलं होतं. मी रडून-भांडून बाबांकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं की विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली तर पुढचं वर्ष शिकायचं, नाहीतर लग्न. निवड करणारे त्या दिवशी मैदानावरच बसले होते... आणि आम्ही हरलो. साधं हरलो नाही, पार धुऊन निघालो. संघात सगळ्यात चपळ मी, पण समोरच्या कर्णधाराने मला दर वेळी त्याच एका खांबाजवळ बाद केलं. ती हूल द्यायची, मी वळायचे आणि तिचा हात माझ्या पाठीवर पडलेला असायचा.

आमच्या पोरी कडुनिंबाखाली बसून रडत होत्या. मला तर घर डोळ्यांपुढे दिसत होतं. सुशीलाने नळावर तोंड धुतलं, माझा हात धरला आणि सरळ जिंकलेल्या संघाकडे चालू लागली. त्या मुली संत्री सोलून खात बसल्या होत्या. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सुशीला त्यांच्या कर्णधाराला म्हणाली, "ताई, हिले तुम्ही दर डावात तिथंच धरलं. कसं धरलं ते दाखवता का?"

ती मुलगी आधी हसली, आम्ही थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं. पण सुशीला तशीच उभी राहिली, तेव्हा तिने हातातलं संत्रं मैत्रिणीकडे दिलं आणि रिकाम्या मैदानावर आमच्याबरोबर आली. मला पळायला लावून तिने पुन्हा धरलं, पुन्हा धरलं आणि मग सांगितलं: वळायच्या आधी तू उजवा खांदा खाली पाडतेस, मी पायांकडे बघतच नाही. दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोवर मला वाटत होतं की मीच कमी पडले, माझ्यातच काही नाही. आता कळलं की एक खांदा तेवढा चुकत होता. परतताना सुशीला म्हणाली, "हरलो तं हरलो. पण काहून हरलो ते तं सोबत घेऊन जाऊ."

विद्यापीठाच्या संघात माझं नाव आलं नाही. ते कळल्यावर ती मामाची सायकल घेऊन आमच्या घरी आली आणि बाबांच्या मागाशेजारी जमिनीवर बसली. लता हरली हे खरं आहे, पण कशाने हरली ते तिला आता ठाऊक आहे, म्हणून तिला अजून एक वर्ष द्या, असं तिने सांगितलं. बाबांनी माग थांबवला.

"पुढच्या वर्षी जिंकान का?" त्यांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, काका."

आई दारातून मला खुणावत होती, की संपलं आता सगळं. पण नंतर बाबांनी माझ्या काकांना सांगितलं की ही पोरगी खोटं बोलली असती तर मी लताचं लग्न लावून टाकलं असतं. स्थळाला नकार गेला.

पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा हरलो, पण त्या खांबाजवळ मला कुणी धरू शकलं नाही. मी पदवी घेतली, शारीरिक शिक्षणाची पदविका केली आणि सारा जन्म शाळेच्या मैदानावर काढला. माझ्या पोरी हरल्या की मी त्यांना रडू द्यायचे आणि मग समोरच्या संघाकडे पाठवायचे. सुशीलाचं लग्न काटोलातच झालं. सुगीत बाग सांभाळून, उरलेल्या दिवसांत तिने गावातल्या मुलींचा संघ उभा केला. तो संघ सुरुवातीची वर्षं सतत हरत होता. ती मला ते फोनवर कौतुकाने सांगायची, जणू मुलगी पहिला वर्ग मिळवून आली.

तेरवीला मी काटोलला गेले. अंगणात तिने पुरलेले खो-खोचे दोन खांब अजून उभे आहेत. हात लागून लागून ते मधोमध गुळगुळीत झालेत. मुलगा म्हणाला, गाडीसाठी शेड टाकायची आहे, आईमुळे राहून गेलं होतं, हे खांब आता काढू का, मावशी? तेवढ्यात त्याची मुलगी पाण्याची कळशी ठेवून बाहेर आली. तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. फाटकाकडे जाता जाता तिने खांबाला हात घातला, त्याच्याभोवती गर्रकन वळली आणि तशीच पुढे निघून गेली. मुलगा तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "राहू दे. गाडी बाहेरच उभी करीन."