म्हशीच्या फोटोतला हात

म्हशीचा फोटो काढायला बेळगावहून माणूस येतो आणि घरच्या बाईचं तोंड खरवडून टाकतो, ही हकिकत मी ज्याला सांगितली तो आधी हसला. हसण्यासारखी ती आहेच. पण हसून झाल्यावर लोक म्हणतात, "जाऊ द्या हो, जुना काळ होता," तेव्हा माझं डोकं फिरतं. काळ कधी सुरी हातात घेऊन बसत नाही. सुरी माणसाच्या हातात असते आणि ती चालव म्हणून सांगणारा दुसरा माणूस असतो. इथं तो माझा बाप होता. म्हणून मी काही आवाज खाली करणार नाही.

आमचं गाव निपाणीजवळ. तंबाखूचं शेत, जैनांचं घर, सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, कायम दोन-चार व्यापारी बसलेले. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि आईला आक्का, कारण माहेरी ती थोरली होती आणि तेच नाव तिच्याबरोबर सासरी आलं. तिचं माहेर चिकोडीच्या पलीकडं, बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. तिकडं सगळं कानडी. आमच्याशी आक्का मराठीत बोलायची, माहेरच्या माणसांशी कानडीत, आणि म्हशीशीही कानडीत.

ती म्हैस आक्कानंच वाढवलेली. व्याल्यावर रेडकाची आई मेली, तेव्हा आक्कानं चिंधी दुधात बुडवून त्याला जगवलं. पुढं ती लांब शिंगांची, कपाळावर पांढरा चांद असलेली, अशी देखणी म्हैस झाली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पण आक्काशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाताला ती पान्हा सोडायची नाही. दुसरं कुणी कासेखाली बसलं की लाथ.

हे सगळ्यांच्या फार पथ्यावर पडलं. आक्कानं माहेरचं नाव काढलं की आप्पा म्हणायचे, "जा की, कोण नगं म्हणतंय? पर म्हशीचं काय करायचं ते सांगून जा." वर जणू मोठं मन दाखवलं असा चेहरा. माझ्या धाकट्या भावाच्या बारशापासून आक्का माहेरी गेली नव्हती, आणि तो आता पाटी घेऊन शाळेत जायला लागला होता. तिकडं आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. मामा बाजाराला आला की निरोप सांगायचा, "आई इचारतीया, डोळं हायत तवर येऊन जाती का म्हणून." आक्का चुलीतलं लाकूड पुढं सारायची. घरात चार बाप्ये होते. एकानंही चार दिवस म्हशीजवळ बसून सवय लावून बघितलं नाही. म्हशीला सवय लागत नाही म्हणे! सवय ह्यांची होती, आणि ती मोडायची ह्यांच्या जिवावर आली होती.

त्या वर्षी जनावरांच्या प्रदर्शनात आमच्या म्हशीचा पहिला नंबर आला. आप्पा फुगले. म्हशीचा फोटो काढून सोप्यात लावायचा असं ठरलं.

आमच्याकडं त्या काळी फोटो निघायचा तो मुख्यतः मेलेल्याचा. तिरडी उचलायच्या आधी खुर्चीत बसवून काढायचे आणि मग भिंतीवर हार घालून लावायचे. जिवंतपणी पुरुष कोट-टोपी घालून काढून घ्यायचे. जिवंत बाईचं तोंड मात्र सोप्याच्या भिंतीवर, व्यापाऱ्यांसमोर? शिव शिव. बाईला भिंतीवर जागा हवी असेल तर तिनं आधी मरावं, एवढी साधी अट होती.

फोटोग्राफर मोटारीनं आला. तीन पायांचा लाकडी कॅमेरा, काळं फडकं, काचांची पेटी. मग काय, सगळ्या घराला हौस सुटली. आप्पांचा कुत्र्याबरोबर फोटो निघाला. कुत्र्याला बस म्हणून दहादा सांगितलं, पण त्याचं शेपूट कुणाचं ऐकतंय? सायकलीसकट थोरल्या भावाचा निघाला. बैलजोडीचा निघाला. मी माझं मांजर उचलून घेतलं आणि पुढं जाऊन उभी राहिले. परकर झटकला, मांजराचे कान सरळ केले. फोटोग्राफरनं आप्पांकडं बघितलं.

आप्पा म्हणाले, "पोरीचा फोटो कशाला आत्ता? लगीन ठरवायच्या येळंला बघू."

मांजरानं उडी मारली आणि ते निघून गेलं. त्याला माझ्यापेक्षा अक्कल जास्त होती. मी मात्र तिथंच उभी राहून रडले.

मग म्हशीची पाळी आली. काळ्या फडक्याखाली माणूस शिरलेला बघून ती बिथरली. गड्याला ओढत गोठ्याच्या दारापर्यंत घेऊन गेली. आप्पा म्हणाले, "सरा, मी धरतो," आणि पुढं झाले. पुढच्या क्षणी त्यांचं फोटोसाठी काढलेलं पांढरंशुभ्र धोतर शेणात होतं. शेवटी आक्काला हाक गेली. ती भाकरी थापत होती. हात धुतले, पदर सारखा केला, म्हशीजवळ गेली, डावा हात तिच्या हनुवटीखाली ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. म्हैस गप्प उभी राहिली.

"बाई, तिथंच थांबा. हलू नका," फोटोग्राफर ओरडला.

आक्का हलली नाही. मनगटभर हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, आणि नजर सरळ त्या काचेच्या डोळ्यात. परक्या माणसासमोर ती इतकी सरळ बघताना मी कधी पाहिली नव्हती. झाकण पडलं तसं ती सगळ्यांसमोर आप्पांना म्हणाली, "ह्या फोटूची एक कापी माझ्या आईला धाडा. डोळं जायच्या आत मला बघू दे तिला."

"व्हय, व्हय. धाडू की," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी धार काढताना ती खुशीत होती. मला म्हणाली, "आईला कळंल तरी, हिच्यापायी यायला हुत न्हाय म्हणून. दोघीस्नी एकदमच बघंल." मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून हसली. त्या म्हशीवर तिचा राग नव्हता. तो मी तिच्या वाटणीचा अजून सांभाळून आहे, आणि तो म्हशीवर नाही.

काही दिवसांनी चौकटीत बसवलेला फोटो आला. आप्पांनी स्वतः खिळा ठोकला. काय म्हैस दिसत होती! शिंगं, चांद, अंगावरची चकाकी, सगळं. आणि आक्का उभी होती तिथं कुंडीतलं केळीचं झाड होतं. नाटकाच्या पडद्यावर असतं तसं, रुंद रुंद पानांचं. त्या पानांतून एक हात बाहेर आला होता आणि त्यानं म्हशीची हनुवटी धरली होती. हातात एकही बांगडी नव्हती.

आप्पा व्यापाऱ्यांना सांगत होते, मोठ्या अभिमानानं. "मी त्याला म्हटलं, बाईमाणूस नगं, काढून टाक. त्यो म्हणतोय, बाई काढतो, हात निघणार न्हाय, म्हशीचं तोंड बिघडंल. मग म्हटलं, बांगड्या तरी खरवड. गड्याचा हात म्हणून खपून जाईल."

एकानं जवळ जाऊन बघितलं. "खरंच की. गड्याचाच वाटतोय."

आक्का पाण्याचा तांब्या घेऊन मधल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. तिनं बघितलंही. मी मोठ्यानं विचारलं, "आप्पा, आक्का कुठाय ह्यात?" तर "गप ए," एवढंच उत्तर मिळालं.

आमच्याकडं सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणत नाहीत. 'वाढवली' म्हणतात. तो शब्दच अभद्र. आणि जो शब्द तोंडातून काढायला जीभ कचरते, ते काम माझ्या बापानं बेळगावला माणसाला सांगून करवून घेतलं. धडधाकट नवऱ्यानं आपल्याच बायकोचा हात मोकळा करून भिंतीवर टांगला, आणि सोप्यातल्या एकाही शहाण्याच्या ते ध्यानात आलं नाही. येणार कसं? त्यांना म्हैस दिसत होती.

संध्याकाळची धार व्हायच्या आधी आप्पा आक्काला म्हणाले, "तुझ्या आईला बी धाडलाय बरं का फोटो. तंबाखूचा गाडीवान चिकोडीकडं निघालाता, त्याच्याजवळ दिलाय. बोललो ते केलं."

आक्कानं विचारलं, "ह्योच?"

"मग दुसरा कुठला असंल?"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, दुपारच्या जेवणाच्या वेळी, गल्लीच्या टोकाकडनं रडण्याचा आवाज आला. कुणाच्या घरी काय झालं म्हणून आम्ही कान देतोय तोवर गाडी आमच्याच दारात थांबली. मामा उतरला, डोक्याला पटका नाही. मागनं मामी आणि तिच्याबरोबरच्या दोन बायका, ऊर बडवत, कानडीत आक्रोश करत. त्या तशाच सोप्यातून आत आल्या आणि समोर बघतात तर आप्पा पाटावर बसलेले, हातात भाकरीचा तुकडा.

रडणं तिथंच तुटलं. मामीचा एक हुंदका निघायचा राहिला होता, तो तेवढा निघाला.

मग मामानं सांगितलं. गाडीवान अनोळखी होता. पुडकं दारात देऊन निघून गेला, निरोप काही नाही. वाटेत पुडक्याचा कोपरा फाटलेला. आता, मयताचं कार्ड पाठवताना त्याचा कोपरा फाडतात हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आत फोटो. फोटो तरी घरात कधी येतो? आजीनं तो खिडकीच्या उजेडात डोळ्यांशी धरला. आक्काची डावी करंगळी लहानपणी रहाटात सापडून वाकडी झालेली. आजीनं ती करंगळी ओळखली. म्हणाली, हा माझ्या लेकीचा हात. आणि हात मोकळा आहे. तिथंच ती खाली बसली.

"मी मेलो म्हणून रडत आलासा?" आप्पा उठले. "माझ्याच दारात?" आवाज चढलेला, भाकरीचा तुकडा हातातच. कुणीतरी म्हणालं, जिवंतपणी अशी बातमी उठली की आयुष्य वाढतं. त्यांना ते पटलं नाही. बाहेर जाऊन फोटो भिंतीवरनं काढला, उलटा ठेवला आणि माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "उद्याच्या उद्या बेळगावला जा. त्या फोटूवाल्याला सांग, बांगड्या परत घाल म्हणावं."

बांगड्या. ऐकताय ना? तोंडाबद्दल शब्द नाही. जिचा चेहरा खरवडला तेव्हा ह्या माणसाला कुत्र्याच्या शेपटाइतकीही काळजी वाटली नव्हती, तिच्या मनगटापाशी आल्यावर ह्याला घाम फुटला, कारण तिथं ह्याचा स्वतःचा जीव अडकला होता.

आक्कानं मामाला एकच विचारलं, "आईला दिसतंय अजून?"

मामा खाली बघून म्हणाला, "रडून रडून हुतं तेवढं बी गेल्यागत झालंय, आक्का. निस्ती सावली दिसतीया म्हणती."

आक्का आत गेली. एक लुगडं गाठोड्यात बांधलं, धाकट्याला बरोबर घेतलं आणि सरळ गाडीत जाऊन बसली. आप्पा दारात आले.

"आणि म्हैस? सांजची धार कोण काढणार?"

"सोप्यात गड्याचा हात टांगलायसा न्हवं?" आक्का म्हणाली. "त्यो काढंल."

गाडी हलली. आप्पांनी नंतर पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्या ऐकायला ती नव्हती.

त्या संध्याकाळी म्हशीनं गाव डोक्यावर घेतलं. एकेकानं बसून बघितलं, एकेकानं लाथ खाल्ली. शेवटी गड्यानं आक्काचं जुनं लुगडं अंगावर घेतलं आणि कासेखाली बसला. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी थोडं, आणि आठवडा व्हायच्या आत म्हशीनं त्याला मुकाट्यानं पान्हा सोडला. म्हणजे एवढंच होतं! एवढ्यासाठी माझ्या आईला इतकी वर्षं दावणीला बांधून ठेवली होती. मी हे आप्पांना तोंडावर म्हटलं आणि मार खाल्ला. मी पुन्हा म्हटलं असतं तर पुन्हा खाल्ला असता.

आक्का महिन्यानं परत आली. आजीनं तिचं तोंड चाचपलं, मनगट चाचपलं, बांगड्यांचा आवाज ऐकला, तेव्हा कुठं ती शांत झाली. पण दिसत तिला काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांनी शेवटचं धड पाहिलं ते त्या खिडकीत, आणि जिथं तिची लेक असायला हवी होती तिथं एक केळीचं झाड होतं. हे मला आक्कानं सांगितलं नाही. मामानं सांगितलं.

फोटो परत भिंतीवर आला होता. सगळा काळा-करडा, केळीचं झाड होतं तिथंच, आणि मनगटावर ब्रशनं रंगवलेल्या हिरव्यागार बांगड्या. आक्कानं गाठोडं खाली ठेवलं तसे आप्पा म्हणाले, "बघ, घातल्या परत. आता झालं समाधान?"

आक्कानं मान वर करून फोटो बघितला. मग माझ्याकडं वळली आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

"तुझा आप्पा जिवंत झाला गं. मी अजून न्हाय."