पायाखाली ब्रेक नाही

आमची आई लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते आणि तिच्या पायाखाली तिचा वेगळा ब्रेक असतो. कुणी भिंतीवर घातली, कुणी फुटपाथवर चढवली, एकाने तर बँकेच्या पायऱ्यांवर नेली. आई ब्रेक दाबते आणि थंडपणे म्हणते, "आता मागे घे, राजा." अशी ही बाई विमानाचं नाव काढलं की पांढरीफटक पडायची. माझ्या भावाने परदेशातून पाठवलेलं तिकीटही तिने वाया घालवलं. काय तर म्हणे, चालवणारा दिसत नाही, ब्रेक आपल्या पायाखाली नाही, असल्या गाडीत शहाण्याने बसू नये. मी तिच्याशी वाद घालणं कधीच सोडून दिलं होतं.

मग मोठ्या मावशीचं हृदय बिघडलं. ऑपरेशन लगेच करा, नाहीतर आमची हमी नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मावशी ढिम्म. तिच्या मुलाने हातापाया पडून पाहिलं. शेवटी मावशीनेच आईला फोन केला. "तू विमानाने ये. तू समोर उभी राहिलीस तर मी टेबलावर झोपते. नाहीतर आहे ते बरंय."

आईने फोन ठेवला, माळ्यावरची बॅग काढली आणि मला म्हणाली, "तिकिटं काढ. तूही चल." ही विमानतळाच्या दारातून माघारी फिरणार, असंच मी धरून चालले होते. फिरली नाही. रांगेत माझा दंड असा धरून उभी होती की वळ उठले.

विमान धावायला लागलं तसा तिचा उजवा पाय पुढे गेला. वेग वाढेल तसा तो पुढच्या सीटखाली ठेवलेल्या माझ्या पर्समध्ये रुतत गेला. माझा चष्मा मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

"अगं आई, माझा चष्मा."

"मरू दे तुझा चष्मा. हा मेला हळू का करत नाहीये?"

तोवर जमीन सुटली होती. मीही चिडलेच होते. म्हटलं, "हळू केलं तर खाली पडू ना आपण."

आईने सावकाश मान वळवली. उभ्या जन्मात तिला इतकी हबकलेली मी पाहिली नव्हती.

"म्हणजे आता कुणी ब्रेक दाबला तर मरायचं?"

"हो."

"आणि मी मघापासून दाबतेय."

ती पर्सकडे बघत राहिली. मग तिने पाय उचलला आणि मांडी घालून बसली. पट्टा पोटाशी, हात मांडीवर. "घे बाबा, तुझी गाडी," ती पुटपुटली. थोड्या वेळाने तिने चहा मागवला, वर दोनदा साखरही मागून घेतली. मी मात्र पर्समधून चष्म्याचे तुकडे वेचत होते.

हॉस्पिटलच्या खोलीत मावशी उशीला टेकून बसली होती. आईला पाहून तिने आ वासला.

"कशी आलीस?"

"विमानाने."

"खोटं बोलू नकोस."

आईने बोर्डिंग पास तिच्या पांघरुणावर ठेवला. मावशीने तो वाचला, उलटून पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "अगं, तू येणार नाहीस म्हणून तर मी बोलले होते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे आईच्या भीतीच्या आडोशाने ही बाई मरायला बसली होती. वर आयुष्यभर आईच्या मनाला लागलं असतं, आपण गेलो नाही म्हणून ताई गेली. माझा नुसता संताप झाला. मावशीचा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आई चिडली नाही. पलंगावर बसून तिने विचारलं, "ताई, तुला भूल देणार आहेत?"

"हो."

"मला कुणी दिली नव्हती."

ऑपरेशनआधी दागिने, चष्मा, कवळी, असेल ते काढून ठेवा, असं नर्सने सकाळीच बजावलं होतं. मावशीने उशाखालचा रुमाल घेतला आणि तोंड फिरवलं. वळली तेव्हा तिचे गाल आत गेले होते. तिला कवळी आहे हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या मुलालासुद्धा.

तिने रुमालाची पुरचुंडी आईच्या हातात दिली.

"हांभाळ," ती म्हणाली.